तळवलीतला आठवा दिवा

ठाण्याहून बेलापूरकडे जाणारी बस मिळाली तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि मी तेवढ्यानंच दमले होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. तळवलीला जाऊन येते, असं सांगलीला पत्रात कळवलं, तर घरच्यांनी उलट टपाली विचारलं, हे कुठं आलं? घणसोलीच्या अलीकडं, असं लिहून काही उपयोग नव्हता. नवी मुंबई म्हणजे तेव्हा त्यांच्या लेखी कागदावरचं गाव.

माझं काम दादरच्या एका शाळेत. तिथली मुलं ऐकतात, समजतात, पण जन्मतःच मेंदूला इजा झाल्यामुळं बोलू शकत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही एक पेटी तयार करून घेतली होती. पेटीवर आठ चित्रं, प्रत्येक चित्रामागं एक छोटा दिवा. पाणी, जेवण, झोप, संडास, दुखतंय, बाहेर, हो, नको. दिवे एकामागून एक आपोआप लागत जातात. हवं त्या चित्रावर उजेड आला की मुलानं बटण दाबायचं, दिवा तिथंच थांबतो. पेटी एकच, आणि तीन घरं फिरून आलेली. तिन्ही ठिकाणी धूळ खात पडली होती. तळवलीच्या वनिताचं घर चौथं. तिथंही तीन महिन्यांत उपयोग झाला नसेल, तर परत आणायची आणि यादीतल्या पुढच्या मुलीला द्यायची. खरं सांगते, मी परत आणायच्याच तयारीनं निघाले होते. मोठी पिशवी बरोबर घेतली होती.

रस्त्याच्या एका बाजूला कारखाने आणि त्यांचा डोक्यात जाणारा उग्र वास, दुसऱ्या बाजूला भातखाचरं आणि लांबवर मिठागरं. मी कंडक्टरला दोनदा सांगूनही त्यानं मला पुढच्या थांब्यावर उतरवलं.

"मॅडम, बोलायचं ना आधी!" वर मलाच ऐकवलं.

भर उन्हात मैलभर मागं चालत आले. चपलेचा अंगठा तुटला तो वेगळाच.

वनिताची आई हिराबाई दारातच होती. वनिता दहा वर्षांची. हात तिचं ऐकत नाहीत, मान डुलते, पण उजवा गुडघा मात्र हुकमी. बटण आम्ही म्हणूनच गुडघ्यापाशी बसवलं होतं. बापानं माशांच्या खोक्याच्या फळ्यांची खुर्ची केली होती. तो कारखान्यात पाळीवर गेला होता.

हिराबाईनं आधी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी आणि जवला (वाळवलेली अगदी बारीक कोळंबी). माझ्यासारख्या घाटावरच्या बाईला तो वास सोसायचा नाही असं वाटलं होतं. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मग ती मुद्द्यावर आली. "बाई, पेटी बिगडलीय. पयले सारकी 'नको'वरच थांबायची. कोन पावना आला, का आमी बोलायचो, वनिता, पानी दाकव. ही आपली नको. भाकरी दाकव. नको. चार लोकांत लाज वाटते ना! मंग घनसोलीचा रेडिओवाला आनला. तो बोलला, ह्या एका दिव्यात गरबर हाय. त्यानं तो काडूनच टाकला."

"आणि आता?"

"आता मदीच इझते. सगले दिवे लागतान, मंग एकदम काळोक."

मी पेटी वनितासमोर ठेवली. आणि इतकी वर्षं हे काम करणारी मी काय म्हणाले असेन? "वनिता, पाणी कुठंय? दाखव बघू!"

दिवे फिरू लागले. पाणी गेलं, जेवण गेलं, झोप, संडास, दुखतंय, बाहेर, हो. मग पेटी विझली ती विझलीच. मी पुन्हा सुरू केली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मी पेटीकडं न बघता गुडघ्याकडं बघितलं. 'हो' विझल्याबरोबर गुडघा बटणावर दाबला जात होता. पेटी धडधाकट होती. आठव्या जागी दिवाच नव्हता, आणि ती पोर अंधारात 'नको' म्हणत होती. किती आठवडे, कोण जाणे.

मला फार शरम वाटली.

"तो दिवा कुठंय?"

हिराबाईनं हळदीच्या डबीतून काढून दिला. मी तो पुसून बसवला, मग तिला सगळं समजावलं. ती ऐकत होती, पण मान खाली.

"येवडे दिस माजी पोर बोलत व्हती," ती म्हणाली, "आनि मी तिचा तोंड बंद कराला मानूस आनला." तिनं पदरानं डोळे पुसले. "न्या बाई पेटी. आमाला नाय जमायचा."

पिशवी माझ्या मांडीवर होती. पण विचारायचं हिराबाईला नव्हतं. मी वनिताकडं वळले. "वनिता, ही पेटी मी परत नेऊ का?"

पाणी. जेवण. झोप. तिची मान डुलत होती, डोळे मात्र पेटीवर. संडास. दुखतंय. बाहेर. हो. आठवा दिवा लागला आणि तिथंच थांबला.

नको.

वनिता हसायला लागली. लाळ गळत होती, अंग ताठ होत होतं, आणि ती हसत होती. हिराबाईनं तिला खुर्चीसकट मिठी मारली.

निघताना मी एवढंच सांगितलं, की परीक्षा घेऊ नका, तिचं म्हणणं ऐका. हे मी स्वतःलाही सांगत होते.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, तरी डोळा लागला नाही. रिकामी पिशवी घडी करून हातात धरली होती. सोमवारी यादीतल्या पुढच्या मुलीचे वडील तिला कडेवर घेऊन येणार होते. पेटी अजून मोकळी झाली नाही, हे मी त्यांना सांगणार. ते ऐकून घेतील, नमस्कार करतील आणि तिला उचलून परत जातील. त्या मुलीलाही काही ना काही नको असेलच. ते काय, हे मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही.