आईच्या गळ्यातली गाठ

मी लेखक नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला, एवढंच. तेव्हा हे लिहिण्याचं धाडस वाचकांनी पोटात घालावं. आज दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची, पोशीरच्या घराची ओटी आठवली.

मुंबईत आईच्या गळ्यातली गाठ काढून आम्ही घरी परतलो होतो. ओटीवर टेकत ती म्हणाली, "माजी गाठ कुठं हाय रं?"

आमच्याकडे कापलेलं नखसुद्धा मातीत पुरतात, परक्याच्या हाती लागू देत नाहीत. गाठीसाठी तिने परसात खड्डा खणायला लावला होता. मी चाचरत सांगितलं, की बाकीची गाठ टाकून दिली, पण तिचा एक तुकडा डॉक्टरांनी काचेच्या नळीत जगवायला ठेवलाय. शेजारच्या नळीत उंदराच्या पेशी वाढतात, त्या मी पाहिल्यात.

"उंदराशेजारी ठेवलंस मला? आन् कुणाला इचारून?"

"मीच हो म्हटलं."

त्यानंतर गळा दुखला की ती माझ्याकडे रोखून बघे. "हलवली बग त्या डाक्टरनं नळी!" मी हसायचो. आज हसू येत नाही. गळा तिचा होता आणि डॉक्टरांनी विचारलं मला होतं.

तुकडा परत मागणारं पत्र तिने माझ्याकडून लिहून घेतलं. उत्तर येईपर्यंत खड्डा कुणाला बुजवू दिला नाही. महिन्याने डॉक्टरांचं कार्ड आलं: तुकडा चौथ्याच दिवशी मेला, नळी धुऊन पुन्हा वापरात घेतली. उंदराच्या पेशी मात्र छान वाढताहेत.