करंगळीचं दार

"आधी कपाळाले लावा, मग मशीनले."

आमच्या इमारतीच्या फाटकाशी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिलात, तर एक गंमत दिसेल. ऑफिसातून आलेला माणूस असो की भाजीची पिशवी सावरणारी बाई, प्रत्येक जण आधी बोट कपाळावरून फिरवतो आणि मग खांबावरच्या काळ्या यंत्रावर ठेवतो. नव्या भाडेकरूला वाटतं, ही मंडळी यंत्राच्या पाया पडतात. आठवडाभरात तोही तेच करू लागतो. ही खोड आम्हाला लावली ती यंत्र बसवणाऱ्या भाऊंनी. अख्ख्या इमारतीत ती खोड न लागलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे माझी आई.

भाऊंचं खरं नाव फारसं कोणी घेतलं नाही. मशीनवाले भाऊ, एवढंच. माझ्या फोनमध्येही ते अजून तसेच आहेत. अशी माणसं तुमच्याही दारी येऊन गेली असतील. नळवाले, केबलवाले, इन्व्हर्टरवाले. काम संपलं की दार लागतं आणि माणूस डोक्यातून जातो. भाऊ गेले नाहीत, कारण त्यांचं कामच दाराचं होतं आणि ते दार आम्हाला रोज लागतं.

ते नागपूरशेजारच्या कामठीहून जुन्या स्कूटरवर यायचे. साठीला टेकलेले, सडपातळ, डोक्याला बारा महिने दुपट्टा बांधलेला. आधी पॉवरलूमच्या मोटारी दुरुस्त करायचे. माग एकेक करून बंद पडत गेले, तसे भाऊ पंखे, इन्व्हर्टर, कॅमेरे असं करत करत बोटाच्या यंत्रांपर्यंत आले. "पहिले सुताचे धागे जोडले, आता तांब्याचे जोडून राहिलो. हाताले काय फरक पडते?" वायर दातांनी सोलता सोलता ते मला म्हणाले होते. दातांनी सोलू नका म्हटलं तर म्हणायचे, "पकड हरपते ताई, दात हरपत नाही." तोवर समोरचा एक हरपला होताच.

आमच्याकडे यंत्र आलं ते एका स्कूटरच्या चोरीमुळे. स्कूटर सोसायटीच्या अध्यक्षांची होती, म्हणून निर्णय झटपट झाला. भाऊंनी खांबाला भोकं पाडली, पट्टीतून वायर नेली, फाटकाच्या माथ्यावर लोहचुंबकाचं कुलूप बसवलं आणि आतल्या बाजूला बाहेर पडण्यासाठी एक बटण लावलं. मग स्वतःचं बोट यंत्रात नोंदवलं. बसवणारा आधी आपलं बोट घालून पाहतो, ही त्यांची रीत. यंत्रातून एक बाई इंग्रजीत म्हणाली, "थँक यू."

"वेलकम, बाई," भाऊ म्हणाले. अगदी गंभीर चेहऱ्याने. पुढे जेव्हा जेव्हा ते यंत्र बोललं, तेव्हा तेव्हा त्यांनी हेच उत्तर दिलं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते बिचारी दिवसभर थँक यू म्हणून राहिली. कोणी तरी जवाब द्याले पाहिजे ना."

भाऊंच्या हातून चुका होत नव्हत्या असं मुळीच नाही. यंत्र त्यांनी सकाळी बसवलं, सावलीत. खांबाचं तोंड पश्चिमेला आहे हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि आमच्याही. दुपार कलली की ऊन थेट यंत्राच्या काचेत घुसायचं आणि ते आंधळं व्हायचं. शाळेतून आलेली पोरं, जेवायला घरी येणारे दुकानदार, सगळे फाटकाबाहेर. कोणी छत्री धरायचं, कोणी पदर. आमचे अध्यक्ष एकदा जेवणाचा डबा यंत्रावर आडवा धरून उभे होते, ते मी गच्चीतून मनसोक्त पाहिलं. नागपूरचं ऊन, त्याला कोण काय सांगणार?

भाऊ आले, यंत्रासमोर उभे राहिले आणि आधी पोटभर हसले. "चुकलंच बाप्पा माझं! आपल्या आधी सूर्यच बोट लावून राहिला त्याले." मग आमच्या स्वयंपाकघरातून श्रीखंडाचा रिकामा डबा मागून घेतला, कापला आणि यंत्राला टोपीसारखा बसवला. डब्यावरचं चित्र उडून गेलंय, पण टोपी अजून आहे.

आता आईबद्दल सांगते. माझ्या आईने उभं आयुष्य कामठीत विड्या वळल्या आणि त्या विड्यांवर आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. वडील लवकर गेले. म्हातारपणी ती माझ्याकडे आली, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. रोज संध्याकाळी विहारात वंदनेला जाणार आणि एकटी जाणार. "जिंदगीभर एका जागी बसून राहिली, आता मले चालू दे," म्हणायची. पुण्याचा माझा भाऊ फोनवर कुरकुरायचा, आईला एकटी सोडू नको. मीही आतून थोडी घाबरत होते. पण पांढरी साडी नेसून, चपला सरकवून निघताना तिचा चेहरा असा उजळायचा की माझ्याने नाही म्हणवत नव्हतं.

यंत्र आलं आणि फाटकाच्या किल्ल्या बंद झाल्या. आकडे दाबून दार उघडायची सोय होती, ती अध्यक्षांनी काढायला लावली. आकडा गावभर होतो, म्हणाले. राहिलं नुसतं बोट. आई विहारातून परतायची तेव्हा मी बऱ्याचदा कामावर असायचे. यंत्राने तिचं बोट ओळखलं नाही, तर तिने फाटकाबाहेर कोणाची तरी वाट पाहायची. तिने सांगून टाकलं होतं, "कोणाले दार मागून मी घरात शिरणार नाही. नाही जमलं तर मी जातच नाही." बोलल्याप्रमाणे वागणारी बाई आहे ती. म्हणजे तिचं रोजचं फिरणं त्या एका बोटावर येऊन ठेपलं होतं.

आणि बोट काही उमटेना. तेंदूची पानं आणि दोरा यांनी तिच्या बोटांच्या रेषा कधीच पुसल्या होत्या, जुन्या नाण्यासारख्या. यंत्रातली बाई सारखी म्हणायची, "प्लीज ट्राय अगेन."

"माय, आधी कपाळाले लाव, मग मशीनले," भाऊंनी सांगितलं.

आई ताठ झाली. "मी नाही लावत गा. माझ्या बापानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात दगडापुढं कोणी डोकं टेकवलं नाही. अन् आता या डब्याले कपाळ लावू?"

"नवस नव्हे माय, तेल होय. कोरडं बोट त्याले दिसत नाही. कपाळाचं तेल लागलं का दिसते."

"तेल पाहिजे तं तसं सांग ना." आई वर गेली आणि खोबरेल तेलात बोट बुडवून आली. यंत्र असं तेलकट झालं की त्या संध्याकाळी अख्ख्या इमारतीला 'ट्राय अगेन' ऐकावं लागलं. भाऊ दुपट्ट्याच्या टोकाने काच पुसत होते आणि हसू दाबत होते. "म्हातारी जिद्दी आहे ताई," मला हळूच म्हणाले. "पण आपणही कामठीचे आहो."

अध्यक्ष म्हणाले, "आजींसाठी उघडेल की कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण, साहेब? अन् तो घरी नसला तं?" भाऊ म्हणाले. अध्यक्ष वर निघून गेले.

नंतर भाऊ जाता-येता थांबू लागले. कोणी बोलावलं नव्हतं. कधी आईचे हात कोमट पाण्यात ठेवायला सांगायचे, कधी भांडी घासायच्या आधी बोट घेऊन पाहायचे. आंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं, अनामिकाही झाली. काही नाही. तेवढे दिवस आई विहारात गेली नाही. संध्याकाळ झाली की गच्चीत खुर्ची टाकून रस्त्याकडे पाहत बसायची. ते पाहणं मला सहन होत नव्हतं.

एकदा चहा पिता पिता भाऊ सहज म्हणाले, "माय, तू विडी वळत होती कशी गा? दाखव ना जरा." बाईला 'वं' म्हणायचं सोडून 'गा' म्हटल्याबद्दल आईने आधी त्यांना झापलं. मग वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, चिमूटभर चहापत्ती घेतली आणि वळायला सुरुवात केली. किती वर्षांनी तिची बोटं अशी चालत होती. आम्ही दोघं बघतच राहिलो. आंगठा, तर्जनी, मधली, सगळी बोटं कामात बुडालेली, आणि करंगळी मात्र बाजूला उभी, पाहुणीसारखी.

भाऊंनी कप खाली ठेवला. "हे पाहा! सगळ्या घरानं काम केलं, अन् हे लेक बसूनच होती! चाल माय, चाल खाली."

उजवी करंगळी यंत्राने पहिल्याच झटक्यात घेतली. कपाळाची गरजही पडली नाही. "थँक यू," बाई म्हणाली. "वेलकम, बाई!" भाऊ ओरडलेच. आई पदर तोंडाला लावून हसू लागली. "शाळेत असताना बाहेर जाले करंगळी दाखवा लागे. आता घरात शिराले दाखवा लागते!" आम्ही तिघंही फाटकात उभे राहून हसलो. त्या संध्याकाळी आई विहारात गेली आणि परतली ती आपल्या हाताने दार उघडून.

"कपाळाले नाही लावलंच शेवटी," तिने भाऊंना ऐकवलं.

"लावशीन, लावशीन. एक दिवस लावशीन," भाऊ म्हणाले.

त्यानंतर भाऊ आमच्या घरचे झाले. रविवारी डोकवायचे, बशीत ओतून चहा प्यायचे, आईशी कामठीतल्या जुन्या गल्ल्यांबद्दल भांडायचे. कोणत्या वळणावर कोणाचं पानाचं दुकान होतं, यावर दोघांचं एकदाही जमलं नाही.

एका मे महिन्यात आईची करंगळी विळीवर कापली. पट्टी बांधून ती तशीच विहारात गेली. परतल्यावर यंत्र कसं उघडणार? मी कामावर, फाटकात चिटपाखरू नाही. शेजाऱ्यांकडे दार मागायचं नव्हतंच, म्हणून तिने भाऊंना फोन केला. ते जवळच कुठे काम करत होते. आले, कपाळाला बोट लावलं आणि दार उघडलं. नेमकं ते अध्यक्षांनी पाहिलं.

"तुमचं बोट अजून चालतं इथे? बाहेरच्या माणसाचं?"

अध्यक्षांचं तत्त्वतः चुकलं नव्हतं, पण आईने रात्री हे सांगितलं तेव्हा मला त्यांचा मनस्वी राग आला. आजही आठवलं की येतो. भाऊंनी वाद घातला नाही. "बरोबर आहे साहेब. घर तुमचं, तं बोट माझं कायले पाहिजे?" म्हणाले आणि तिथल्या तिथे यंत्रातून आपलं बोट काढून टाकलं. बटणं दाबली ती मान खाली घालूनच. मग आईला म्हणाले, "आण माय, डावी करंगळी. एक कापली तं दुसरी राहू दे."

तेव्हापासून भाऊ आले की बाहेरूनच हाक द्यायचे, "उघड वं माय, मीच आहो!" आणि माझी आई, जी कोणासाठी घाईने उठत नाही, ती गुडघ्यांवर हात टेकत जिना उतरून जायची. मी जाते म्हटलं तर चालायचं नाही. "त्यानं मले दार देल्लं. त्याचं दार मीच उघडीन." पुढे पुढे तर अध्यक्षही गॅलरीतून ओरडायचे, "थांबा भाऊ, आजी येताहेत!" माणूस सुधारतो, वेळ लागतो एवढंच.

यंदाच्या हिवाळ्यात भाऊ काही रविवार आले नाहीत. आई म्हणाली, "फोन लाव वं." मी लावला. मुलीने उचलला. "बाबा नाही ना राहिले, ताई," ती म्हणाली. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेता नेताच गेले. फोन ठेवून मी आईला सांगितलं.

आई आणि मी शेअर ऑटोने कामठीला गेलो. नागपूरभर दारांना यंत्रं बसवून देणाऱ्या माणसाच्या घराला साधी कडी होती, आणि तीही उघडीच. त्यांच्या बायकोने आईकडे पाहिलं आणि नाव न विचारता म्हणाली, "तुम्ही करंगळीवाल्या माय ना?" आई तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघी कितीतरी वेळ एकमेकींचे हात धरून होत्या.

परतलो तेव्हा दिवस कलला होता. श्रीखंडाच्या डब्याखाली यंत्राची हिरवी बत्ती लुकलुकत होती. मी बोट पुढे केलं, तर आईने माझा हात बाजूला सारला. ती यंत्रासमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर थोडा मागे घेतला, करंगळी कपाळावर टेकवली, क्षणभर तशीच ठेवली आणि मग यंत्रावर.

"थँक यू," बाई म्हणाली. दार सुटलं.

मी आईकडे पाहत होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तेल होय ते," ती म्हणाली आणि आत गेली.