दोन्ही टोकं हातात

आमच्या संगणक विभागात सगळे त्यांना मागे शंकासुर म्हणतात आणि समोर दादा. मी विभागाची कारकुनी करते आणि एकोणीस वर्षं त्यांच्या समोरच्याच टेबलावर बसते, त्यामुळे दोन्ही म्हणायचा हक्क मला आहे. दादा प्रयोगशाळा सहाय्यक. मुलं ज्या संगणकांवर शिकतात ते चालू ठेवायचे, बिघडले की उघडायचे आणि कुणी बिघडवले ते शोधून काढायचं. ह्यातलं तिसरं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, पण जीव त्यातच.

माउसचं सीलबंद खोकं आलं तरी ते फोडून मोजणार. कुणी वाढदिवसाचं चॉकलेट पुढे केलं तर आधी विचारणार, "काय काम काढलंय?" वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी पडलं तरी ह्यांना त्यात कट दिसतो. परवा मी जरा गप्प होते, तर म्हणे, कुणाशी बोलणं झालं तुझं?"

आम्ही हसतो, पण ह्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी संगणकांची वीस खोकी आली. वीस मिळाली असं लिहिलेल्या कागदावर दादांनी खोकी न उघडता सही केली. चार रिकामी निघाली. चौकशी दीड वर्ष चालली. शेवटी निर्दोष ठरले, पण तोवर धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडून गेलं होतं. तेव्हापासून न बघता सही नाही, आणि बघूनही लगेच नाही.

ह्या वर्षी विभाग एकदम दुप्पट झाला. एकशेवीस मुलांची दोनशेचाळीस झाली. सुट्टीत मागच्या इमारतीवर एक मजला चढला आणि तिथे दोन नव्या प्रयोगशाळा झाल्या. रंगाचा वास अजून जात नव्हता, खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघायचं होतं. दोन्ही इमारतींच्या सगळ्या केबली येतात तळमजल्यावरच्या एका छोट्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. शहाण्णव केबली, काही एकेका संगणकाच्या, काही संगणकांच्या अख्ख्या रांगेच्या. प्रत्येकीला कपाटाच्या बाजूला दादांच्या अक्षरातली नंबरची पट्टी. दुसऱ्या टोकाला, खोलीत, काहीच नाही. का, तर "तिथे नंबर लावला की कुणीही वाचेल." कुठला नंबर कुठल्या खोलीत जातो हे फक्त दादांच्या डोक्यात.

वर्ष सुरू व्हायला आठवडा असताना विभागप्रमुख एका मुलीला घेऊन आले. पंचविशीची असेल. खांद्याला पिशवी, हातात जाड वही. सर म्हणाले, "दादा, ह्यांना केबलींचं सगळं सांगा. एकेक नंबर लिहून होऊ दे. शेवटी माहिती देणारा म्हणून तुमची सही लागेल." एवढं बोलून गेले. सर, म्हणजे आमचे नवे साहेब, कमी बोलतात, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचं दादांना फार भय.

मी तिचं नाव वहीवाली ठेवलं. सुरुवातीला दादांनी तिला अंतरावर ठेवलं, मॅडम मॅडम करत. पण मुलगी विचारायची बरोबर. ही केबल दोनदा का वळवली? इथे पत्रा का कापला? वीस वर्षांत दादांना हे कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मॅडमची "अगं" झाली. खुर्चीवर उभे राहून ते तिला शिकवत होते ते मी बाहेरून ऐकलं. "पट्टीवर काय लिहिलंय ते बघायचं नाही. मी काय म्हणतो तेही नाही. केबलची दोन्ही टोकं हातात येईपर्यंत काही खरं मानायचं नाही. कळलं?"

"कळलं, काका," ती म्हणाली, आणि तेही तिने वहीत लिहिलं.

इथवर ठीक होतं. पुढे घोळ झाला तो माझ्यामुळे. पाचव्या दिवशी सरांच्या टेबलावर टपाल ठेवायला गेले तेव्हा एका पत्राचा मसुदा वर पडलेला दिसला. मी वाचणार नव्हते. डोळ्यांना कोण अडवणार? "प्रयोगशाळा सहाय्यक, नवा मजला" असं लिहून पुढे वहीवालीचं नाव होतं, आणि खाली "सध्याच्या सहाय्यकांकडून सर्व माहिती लेखी घेतल्यावर..." एवढ्यात सरांची पावलं वाजली. पान उलटायचं राहिलं.

माझ्या पोटात काही राहत नाही. चहाच्या वेळी मी दादांना सांगून टाकलं.

दादांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "बघ. मला वाटलंच होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. माझं डोकं वहीत उतरवून घ्यायचं आणि मग मला दारावर बसवायचं. अजून चार वर्षं आहेत माझी."

"तसंच असेल असं नाही," मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

त्या दुपारी दादा तिला नेहमीपेक्षा गोड बोलले. मला तेव्हाच वास यायला हवा होता. उरलेले नंबर त्यांनी भराभरा सांगितले, तिने लिहून घेतले. त्यातले सात, अख्ख्या रांगांचे, खोटे होते, हे मला फार नंतर कळलं. ते सात नंबर घेऊन तिने नव्या मजल्याची जोडणी केली असती, तर पहिल्या दिवशी दोन्ही नव्या प्रयोगशाळा ठप्प. मग सगळे धावत दादांकडे येणार, दादा दहा मिनिटांत चालू करून देणार, आणि कोणाशिवाय चालत नाही हे साहेबांना कळणार. बेत एवढाच. खोटं त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांना ते नीट जमलंही नाही.

शनिवारी दुपारी दादा घरी गेल्यावर वहीवाली माझ्याकडे कपाटाच्या खोलीची दुसरी किल्ली मागायला आली. सोबत तो पिवळा डबाही हवा होता, केबलच्या एका टोकाला लावला की दुसऱ्या टोकाला पी-पी वाजतं तो. माझ्या मनात पाल चुकचुकली. दादांच्या पाठीमागे हिला तिथे काय करायचंय? पण सरांची चिठ्ठी होती, द्यावी लागली. जाताना डोकावून बघितलं, तर ही जमिनीवर पालथी पडून कपाटाखाली हात घालतेय आणि वहीत काही खोडतेय. चोर तर चोर, वर नीटनेटकी, असं मनात म्हणत मी घर गाठलं. सोमवारी दादांना सांगायचं ठरवलं, आणि सोमवारी नव्या मुलांची ओळखपत्रं वाटता वाटता पार विसरून गेले.

त्या सोमवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून साडेनऊलाच माझ्या टेबलाजवळ येऊन बसले. टेलिफोनच्या शेजारी. दहाला नव्या मजल्यावर तास सुरू होणार होते. जिन्यात नुसती झुंबड, कुणी खोली विचारतंय, कुणी चुकून आमच्याच कचेरीत येऊन बसतंय. दादांचं लक्ष फोनवर.

दहा वाजले. सव्वादहा झाले. फोन वाजला, दादा अर्धे उठले. खालच्या दुकानातून झेरॉक्सबद्दल होता.

"फोन चालू आहे ना नीट?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच तर वाजला."

पावणेअकराला शिपाई माझ्याकडे पाकिटं ठेवून गेला. एक दादांचं होतं. त्यांनी दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि मग फोडलं. तेच पत्र, आता सही झालेलं, दोन पानी. पहिल्या पानावर मी वाचलं होतं ते. दुसऱ्या पानावर, विभाग दुप्पट झाल्यामुळे दुसरा सहाय्यक नेमला आहे. सध्याचे सहाय्यक ह्यापुढे दोन्ही इमारती सांभाळतील आणि नव्या सहाय्यक त्यांच्या हाताखाली काम करतील. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते एक पान मी उलटलं असतं तर!

दादांचा चेहरा आनंदला नाही, उतरला. पत्र खिशात घालून ते ताडताड जिन्याकडे निघाले. काहीतरी काळंबेरं आहे हे कळून मीही मागे गेले.

नव्या मजल्यावर दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. एकशेवीस पडदे उजळलेले, मुलं काहीबाही टंकत होती, कुणाचंच अडलेलं नव्हतं. दादा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग तसेच तळमजल्यावर उतरले. वहीवाली कपाटाजवळ स्टुलावर बसली होती, वही मांडीवर. त्यांनी हात पुढे केला, तिने वही दिली. पानं उलटत ते थांबले.

"ह्या सात ओळी कुणी खोडल्या?"

"मी."

"का?"

"दोन्ही टोकं हातात येईपर्यंत खरं मानायचं नाही, तुम्हीच म्हणालात ना, काका. शनिवारी शहाण्णवच्या शहाण्णव तपासल्या."

"साहेबांना सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? दुरुस्त झालं ना."

दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. फुटलेल्या कळफलकावरून मुलाचं नाव सांगणारा हा माणूस, पण ह्या मुलीला कळलंय की नाही, ते काही त्यांना ओळखता येईना. ते मला दिसत होतं, आणि मला त्यांची फार कीव आली.

वही घेऊन ते वर आले, माझ्यासमोर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. दीड तास वाचत होते. मग माझं पेन घेतलं आणि त्या सात ओळींच्या शेजारी, प्रत्येक ओळीपाशी वेगळं, लिहिलं, "मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं." सात वेळा.

"अहो दादा, हे सर वाचतील!"

"वाचू दे."

"खिशात पत्र आहे तुमच्या. आता काय गरज आहे?"

"एकदा न बघता सही केली होती. बघून खोट्यावर नाही करायची," म्हणाले, आणि शेवटच्या पानावर सही करून वही माझ्याकडे सरकवली. पुढे पाठवायचं काम माझं. खरं तर आठवी ओळ काढून तिथे माझं नाव लिहायला हवं होतं, पण तेवढी माझी छाती नव्हती.

सरांनी तिघांनाही बोलावलं. वहीवालीला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"शनिवारी कळलं," ती खाली बघत म्हणाली. "काका सहज चुकले असते तर नंबर इकडेतिकडे चुकले असते. सातही नव्या मजल्याचेच निघाले."

"मग बोलला का नाहीत?"

"काका सांगतील असं वाटलं."

सर नेहमीसारखेच कमी बोलले. पत्र परत घेतलं. नवा मजला तिच्याकडे, आणि दादांनी तिथे तिच्या हाताखाली काम करायचं, निदान हे वर्ष. दादा "बरं" म्हणाले. घरी वहिनींना त्यांनी सगळं सांगितलं, अगदी माझ्या त्या अर्ध्या वाचनासकट, आणि तरी वहिनी माझ्याशी बोलतात.

आता महिना झाला. दादांनी नव्या मजल्यावरच्या प्रत्येक टोकाला नंबर लावले आहेत, ठळक, कुणालाही वाचता येतील असे. एक पट्टी लावून झाली की ते बाजूला होतात, पिवळा डबा स्वतःच तिच्या हातात देतात आणि ती तपासून होईपर्यंत तिथेच उभे राहतात.