राहुकाळात विकलेलं कॉइन

"मॅडम, क्लिनिकचे उरलेले पैसेबी ह्यातच टाकतो," दत्ताभाऊंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मुहूर्तावर घेतलं आन् चहा संपायच्या आत भाव वर!"

मी बिबवेवाडीत गुंतवणूक सल्लागार आहे. धायरीचे दत्ताभाऊ माझे जुने क्लायंट. प्लॉट विकून आलेले पैसे त्यांनी डॉक्टर झालेल्या लेकीच्या क्लिनिकसाठी ठेवले होते. त्यातले निम्मे मला न विचारता एका नवख्या क्रिप्टो कॉइनमध्ये गेले होते. फी सल्लागाराला द्यायची आणि सल्ला चुलतभावाचा घ्यायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. मला राग आला होता. तो गिळून मी विचारलं, "मुहूर्त कुणाकुणाचा?"

"अख्ख्या भावकीचा. गुरुपुष्यामृत होतं. गुरुजींनी वेळ काढून दिली, समद्यांनी एकदमच बटण दाबलं."

मी ऑर्डर बुक उघडलं. कोण कुठल्या भावाला घ्यायला किंवा विकायला उभं आहे, त्याची ही स्क्रीनवरची रांग. मोठ्या कॉइनची रांग लांबलचक असते. इथे दोन्हीकडे चार टाळकी. कॉइनबद्दल नवी बातमीही काही नव्हती.

"भाऊ, दसऱ्याला मंडईत झेंडूच्या दोनच पाट्या उरल्यात आणि तुमची भावकी एकदम धडकली, तर?"

"भाव चढंल की."

"इथंही तेच झालंय. भाव तुम्हीच चढवलात. आता विकायचं कधी ठरलंय?"

"पुढच्या मुहूर्ताला. समद्यांनी एकदम."

"आणि घ्यायला कोण उभं असेल?"

त्यांनी रांगेतली टाळकी बोटानं मोजली. "मग आत्ताच विकू?" लगेच त्यांची नजर घड्याळावर गेली. "न्हाई न्हाई मॅडम, राहुकाळ हाय."

"म्हणूनच आत्ता विका. भावकीतलं कुणी विकायला मध्ये येणार नाही."

आम्ही थोडं थोडं विकलं. एकदम विकलं असतं तर चांगला भाव देणारे आधीच संपले असते आणि बाकीचं पडेल त्या भावात गेलं असतं. तरी दर वेळी भाव जरा उतरायचाच. मग थांबायचं, नवं गिऱ्हाईक आलं की पुन्हा विकायचं. मधेच भाऊंनी, तूबी विकून टाक म्हणून सांगायला चुलतभावाला फोन लावला. पलीकडून "येडा झाला का रं?" एवढं मलाही ऐकू आलं. शेवटी मुद्दल कसंबसं सुटलं. नफा शून्य. मला मात्र हायसं वाटलं.

मुहूर्ताला भावकीनं एकदम बटण दाबलं. घेणारं कुणीच नव्हतं. भाव तळाला गेला. दत्तानं राहुकाळात विकलं म्हणून अपशकुन झाला, असं भावकीत ठरलं.

हल्ली क्लायंट कुठलंही कॉइन घेऊन आला की मी एकच विचारते, "तुम्ही विकाल तेव्हा घेणारा कोण?" बहुतेक जण उत्तर देण्याऐवजी भविष्य सांगतात.

धायरीतल्या क्लिनिकची पत्रिका आली. उद्घाटन भर राहुकाळात होतं. मी फोन करून भाऊंना कारण विचारलं.

"त्या टायमाला गर्दी नसती, मॅडम."