ठिपक्यांमधलं अंतर

लालबागच्या झेरॉक्सच्या दुकानात सलोनीचा प्रबंध छापायला घेतला आणि पानापानावर चार काळे ठिपके उमटू लागले. पाचच्या आत तो विद्यापीठात जमा झाला नाही, तर तिचं वर्ष बुडणार होतं.

“अक्षरं उमटवणारा ड्रम तर कालच नवा घातलाय!” दुकानवाली अनुजा वैतागली.

तिचे सासरे आनंदा परब, मिलच्या छपाई खात्यातून निवृत्त झालेले, पान उजेडात धरून बसले होते. “सारख्या अंतरार पडतत गो. आमच्या कापडार असोच डाग पडायचो. जेवढा अंतर, तेवढ्या घेराचो रोलर चोर!”

“बाबा, हे कापड नाही.”

“रोलर तो रोलरच!”

त्यांनी दोन ठिपक्यांमधल्या अंतराएवढा दोरा कापला. काल काढलेल्या जुन्या ड्रमभोवती तो पुरेना. मग अनुजाने मशीन गार होऊ दिलं आणि कागद तापवणारा रोलर बाहेर काढला. त्याच्याभोवती मात्र दोऱ्याचं टोकाला टोक भिडलं. नीट पाहिलं, तर सकाळी छापलेल्या स्टिकरचा डिंक तिथे चिकटलेला आणि त्यावर शाईची काळी पूड बसलेली!

डिंक पुसला आणि पान स्वच्छ आलं. चार वाजता प्रबंध छातीशी धरून सलोनी धावत सुटली.

आनंदांनी खुर्ची मशीनजवळ ओढली. “आता माका सांग, ओली शाई नाय, तर अक्षर कागदार बसता कसा?”