त्या सकाळी ताण्याचं टोक कुणी धरलं?

ज्यांना भरदिवसा समोरचं काही दिसत नाही त्यांनाच भुतं दिसतात, असं मी आजवर चारचौघांत म्हणत आलोय. या सदरात येणारे अनुभवही मी मोठ्यानं वाचून कचेरीत हशा पिकवलाय. तेव्हा आता माझंच नाव इथं बघून मंडळी हसतील... हसू देत. मीही हसलोच असतो.

आधी आमची गल्ली सांगतो, तिच्याशिवाय पुढचं पटणार नाही. शहापुरातली विणकरांची गल्ली — म्हणायला विणकरांची. वरच्या तोंडाला बसाप्पाचं किराणा दुकान, मध्ये हुसेनसाब कल्हईवाला, त्याच्यासमोर इनास शिंपी, म्हणजे गोव्याहून येऊन कॅम्पातल्या साहेबांचे कोट शिवणारा, आणि खालच्या अंगाला खानापूरकडून आलेले बैलगाडीवाले. नाला ओलांडला की इंग्रजांचं राज्य, अलीकडे संस्थान. घाण दोन्हीकडं सारखीच. भाषा चार आणि चारही भाषांत विषय एकच — गल्ली मुळात कुणाची. बसाप्पा म्हणणार, विहीर माझ्या आज्ज्यानं खणली. हुसेनसाब म्हणणार, विहिरीला पाणी लागलं ते माझ्या पणज्याच्या दुव्यानं. आमचे विणकर म्हणणार, माग आधी आले, मग तुम्ही. प्लेगात सगळी गल्ली उठून माळावर झोपड्यांत राहायला गेली, तर तिथंही पहिली झोपडी कुणाची यावरून डोकी फुटली. असली ही थोर वस्ती. एकानं दुसऱ्याला तांब्याभर पाणी दिलं तर सात पिढ्या ऐकवणारी.

एकच काम ही माणसं न भांडता करायची, ते म्हणजे पांजणी. लुगड्याचा ताणा, म्हणजे सुताच्या उभ्या तारा, मागावर चढवण्याआधी त्याला तांदळाची खळ पाजावी लागते. त्यासाठी तो गल्लीतून लांबच्या लांब ताणून धरायचा, खळ लावायची, कुंच्यानं विंचरायची आणि ऊन वर यायच्या आत उरकायचं, नाहीतर तारा एकमेकींना चिकटून सगळं मातेरं. ताणा ज्याच्या दारावरून जाईल त्यानं बाहेर येऊन हात लावायचा, मग तो कोणत्याही जातीचा असो. पण टोकाचा बांबू मात्र घरच्याच पुरुषानं धरायचा. खुंटीला बांधून चालत नाही. ओल्या तारा आखडत जातात, ती ओढ हाताला कळावी लागते. घरचा माणूस टोकाला उभा राहिला नाही तर गल्लीही दाराबाहेर येत नाही. असा नियम. मूर्ख नियम, असं माझं मत.

माझी थोरली बहीण तुळसाआक्का. दाजी वारल्यावर तिनं त्यांचा माग स्वतः चालवायला घेतला. घरात तिची एक मुलगी आणि मी. मी मॅट्रिक, कॅम्पातल्या कचेरीत कारकून, इस्त्रीचा कोट घालणारा. सदलग्याचे तिचे दीर टपूनच होते. माग बंद पडला की मायलेकींना गावाकडं न्यायचं, शेणगोठ्याला फुकटची माणसं मिळतील. आक्काकडं एकाच ताण्याचं सूत उरलं होतं. तो वाया गेला असता तर तिला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे मला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी काय केलं ते आता सांगतो.

मागावर दाजींनीच चढवलेला ताणा संपत आला, तशी गुरुवारी सकाळी मी कचेरीला निघताना ती म्हणाली, "उद्या पांजणी हाय. टोक तुलाच धरायला पायजे."

"मला सुट्टी नाही."

"सकाळचंच काम रं. खळ शिजवून ठेवलीया, उद्या झाली न्हाय तर आंबून जाईल."

"बघतो," म्हणालो. बघायचं काही नव्हतं. सगळ्या गल्लीदेखत, धोतर खोचून, खळीनं माखून उभं राहायचं, आणि रस्त्यानं कचेरीतला कोणी गेला तर? संध्याकाळी कचेरीचं काम निघालं अशी थाप मारली आणि सर्व्हिस मोटारीनं थेट निपाणी गाठली. तिथं माझा एक शाळासोबती तंबाखूच्या वखारीत मुकादम होता. त्याच्याकडं उतरलो. शुक्रवारी सकाळी सहाला मी त्याच्या ओट्यावर चहा पीत होतो. आत तंबाखू चाळणं सुरू झालं आणि मला अशा शिंका लागल्या, की वखारीतल्या बाया काम टाकून हसायला लागल्या. माझा मित्र याला साक्षीला आहे. निपाणी ते शहापूर पन्नास मैलांवर.

दुपारी परतलो ते तोंड कसं चुकवायचं याचा विचार करतच. तर बसाप्पानं दुकानातून हाक मारली, "बरं केलास बघ. कोटवाला येत नाही म्हटलं होतो मी, चुकलं माझं." मला वाटलं, टोमणा. पुढं हुसेनसाब कल्हईचं भांडं खाली ठेवून म्हणाला, "बहन के वास्ते भाई ऐसा खडा रहना." इनासनं मशीन थांबवून मान हलवली, "तीन वरां तूं हालूंक ना." तीन तास हलला नाहीस म्हणे.

घरात पाऊल टाकलं. भिंतीशी ताणा गुंडाळून ठेवलेला, पांढराशुभ्र, एक तार चिकटलेली नाही. आक्का भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, "हात नीट धुतलास व्हय? खळ वाळली की कातडं वढतंय. आन् आंगोळ करून कुठं गेलतास? जेवला बी न्हाईस."

मी तिथंच बसलो. हळूहळू सगळं काढून घेतलं. दिवस उजाडताना तिनं ताणा पसरला, खळ लावली आणि वाट बघत राहिली. दारं सगळी बंद. मग धुक्यातून मी आलो, म्हणे. कोट नव्हता. एक शब्द बोललो नाही, जाऊन टोक धरलं. मी उभा राहिलेला बघून एकेक दार उघडलं. मध्ये दोनदा तार तुटली, तर मीच वाकून जोडली. आता तार जोडायची कशी हे मी जन्मात शिकलेलो नाही...

"मी आलोच नसतो तर गं?" मी विचारलं.

"घटकाभर मला बी वाटलं, न्हाय यायचा. लोकं म्हणतच हुती." तिनं भाकरी उलटली. "पर म्हटलं, माझा भाऊ आसला न्हवं."

खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आजतागायत नाही.

मग मी शहाण्यासारखा शोध लावायला निघालो. कोणीतरी दुसरा असेल, धुक्यात ओळखला नसेल. पण हुसेनसाबच्या दारात तो हातभर अंतरावर उभा होता आणि उन्हं आल्यावरही तासभर होता. आणि समजा दुसरा कोणी असता, तर आमच्या गल्लीत असा माणूस आहे कुठं, जो उपकार करेल आणि त्याचं श्रेय मला घेऊ देईल? विहिरीच्या पाण्यावरून पणजे उकरून काढणारी ही जात. कोणताही एक प्रश्न घ्या, यांची चार उत्तरं येणार. पण त्या सकाळी टोकाला मीच होतो, यावर चारही भाषांत एकमत. माझ्याबद्दल त्यांनी काढलेले तेवढेच चांगले उद्गार, आणि तेही खोटे.

आक्काचा माग चालू राहिला. दीर दोनदा येऊन हात हलवत परत गेले. पुढच्या पांजणीला मी आपणहून उठलो, कोट खुंटीला अडकवला आणि टोक धरलं. अर्ध्या तासात दंड भरून आले, बांबू कलला, पंधरा-वीस तारा तटातट तुटल्या. जोडायला वाकलो तर गुंता आणखी वाढवला. आक्कानं कुंचा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली.

"आज काय झालंय रं तुला?" ती म्हणाली. "त्या दिशी किती चांगलं धरलंतंस."

"बरं वाटत नाही," म्हणालो.

ती स्वतः येऊन तारा जोडायला लागली. आता दर पांजणीला आक्का टोकाशी येऊन मला विचारते, आज तरी बरं वाटतंय का?