टिटवीची चार अंडी आणि रविवारची चौपाटी

आमच्या धरणाला ‘चौपाटी’ हे नाव ज्यानं दिलं, तो मला एकदा भेटायला पाहिजे. दोन शब्द बोलायचे आहेत त्याच्याशी, आणि ते छापण्यासारखे नाहीत.

वाशीम जिल्ह्यात समुद्र कुठून येणार? पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं, काठची जमीन वाळून टणक होते, आणि रविवार आला की कारंज्याहून, मंगरूळपीरहून, पार रिसोडहून गाड्या येतात. पाण्याच्या कडेनं भरधाव पळवायच्या, गोल गोल फिरवून धूळ उडवायची, त्या धुळीत उभं राहून फोटो काढायचे. बोनेटवर केक कापायचा, अर्धा एकमेकांच्या तोंडाला फासायचा आणि बाटल्या, चमचे, खोके आमच्यासाठी टाकून जायचं. जसा काही आम्हाला आहेरच केला!

आमच्यासाठी म्हणजे, तिथं आमची टरबुजाची वाडी असते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात आमच्याकडचे कास्तकार टरबूज, काकडी लावतात. जमीन सरकारची, घाम आमचा.

ही गोष्ट घडली त्या वर्षी माल निघून गेला होता. मी वाळलेले वेल गोळा करत होते, तर एक टिटवी ओरडत थेट माझ्या डोक्यावरून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मी जागच्या जागी थांबले आणि खाली पाहिलं. वाडी आणि पाणी यांच्या मधल्या उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, चार अंडी. रंगही खड्यांचाच. आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावरून गाडीच्या चाकाचा ताजा माग गेलेला.

आमच्याकडे वखर चालवताना टिटवीची अंडी दिसली की माणूस बैल थांबवतो, तेवढी जागा सोडतो आणि वळसा घालून पुढे जातो. हे कोणी शिकवत नाही. माझ्या सासऱ्यांसारखा रागीट माणूस, बैलाला शिव्या देता देता अंडी दिसली की गप्प व्हायचा आणि कासरा ओढायचा. बैलाला कळतं, ते गाडी चालवणाऱ्याला कळत नाही.

मी बोराटीच्या काट्या आणल्या आणि अंड्यांपासून चांगलं लांब गोल कुंपण केलं. पाखराची दया कोणाला येवो न येवो, टायरची येतेच. पुढच्या रविवारी सगळ्या गाड्या लांबून गेल्या. एक पांढरी गाडी मात्र काट्यांपाशी थांबली आणि आतला गॉगलवाला म्हणाला, “मावशी, रस्त्यात काटे काहून टाकले? धरण तुमच्या बापाचं हाय काय?”

“माह्या बापाचं नाई,” मी म्हटलं, “अन् तुह्याही बापाचं नाई. हे टिटवी तुह्या आंधी आली इथं. घे गाडी मांगं!”

त्यानं घेतली. मी खूश. भर उन्हात टिटवी पाण्यात जाऊन पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. लोकांना वाटतं पाखरू अंडी नुसती उबवतं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात अंडी थंड ठेवावी लागतात, बापा! तिची ती ये-जा मी बाभळीखाली बसून पाहायची, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटायचं.

मग आमच्या दिरांना अवदसा आठवली.

आमचे दीर माणूस म्हणून सोन्यासारखे, पण हातात मोबाईल आला की बयताड होतात, डोकं चालतच नाही. टिटवीची अंडी म्हणजे आमच्याकडे पावसाचा अंदाज. जितकी अंडी, तितके महिने पाऊस. दिरांनी व्हिडिओ काढला, “पाहा मंडळी, टिटवीनं चार अंडे देल्ले! चारही महिने पानी!” आणि जागाही सांगून टाकली, काट्यांच्या कुंपणासकट.

सोयाबीनचं बियाणं घ्यायच्या दिवसांत असा व्हिडिओ म्हणजे काय, ते कास्तकाराच्या घरात राहिल्याशिवाय समजणार नाही. रविवारी सकाळपासून माणसं लोटली. चौपाटीवाले तर होतेच, वरून मोटरसायकली, जीप, कामरगावकडून एक ट्रॅक्टर भरून बायामाणसं. मी पोचले तोवर काट्या उचलून बाजूला ठेवल्या होत्या. आदरानं हं! चपला बाहेर काढून लोक आत जात होते. कोणीतरी अंड्यांना हळदकुंकू लावलं होतं. नारळ फोडला होता. एकजण वाकून अंड्यांची टोकं पाहत होता, खाली आहेत की वर, म्हणजे पाऊस जोराचा की हलका. मागून चौपाटीवाल्यांचं गाणं दणदणत होतं.

आणि टिटवी वर घिरट्या घालत होती. ओरडत होती. पाण्यावर जायची, पोट भिजवून यायची, उतरायला जागाच नाही, परत वर. ऊन असं, की चपलेतही माझा तळवा पोळत होता. हळदकुंकू लावलेली अंडी त्या उन्हात उघडी पडलेली.

मी ओरडले, “सरका! तिले बसू द्या!”

एक म्हातारे कास्तकार हात जोडून म्हणाले, “माय, आमी काय तरास देऊन राह्यलो? दर्शन घेऊन राह्यलो फक्त.”

“देवी मानता अन् तिच्याच घरात तिले येऊ देत नाई! हे कोन्तं दर्शन हाय?”

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि मागच्यांना जागा करून दिली. मागचे पुढे आले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. धूळ उडवणाऱ्याला शिवी तरी देता येते. चपला काढून आलेल्याला काय द्यायचं?

शेवटी मी घरून बंडी जुंपून आणली, यायच्या वाटेवर आडवी लावली आणि बैल सोडून दिले. म्हटलं, आता या कोणाला यायचं ते! शिव्या खाल्ल्या. दिरांनीही डोळे वटारले, म्हणाले, “वयनी, गावाची इज्जत घालवली.” पण नवीन गाड्या थांबल्या, आतले हळूहळू निघाले. ऊन कलल्यावर टिटवी उतरली, चालत चालत आली आणि बसली. मी काट्या परत लावल्या. त्या दिवशी मी संतापानं रडले, खोटं कशाला बोलू.

ती बसूनच राहिली. पिल्लं निघायचे दिवस आले आणि गेले. ती पाण्यावर जायची, पोट भिजवायची, येऊन बसायची. चारही अंडी त्या रविवारच्या उन्हातच आतून करपून गेली होती. तिला कोण सांगणार?

मग पाऊस आला. चांगला आला. पाणी चढत चढत कुंपणात शिरलं, अंड्यांना टेकलं, तेव्हा ती उठली. मी आणि दीर धुऱ्यावर, वरच्या बांधावर, उभे होतो. दीर खुशीत होते, पेरणी साधली होती.

“पाहा वयनी,” ते म्हणाले, “टिटवी कधी खोटं सांगत नाई.”

“नाई सांगत भाऊजी,” मी म्हटलं. “त्या रविवारी दिवसभर तुमच्या डोक्यावर सांगून राह्यली होती. तवा कोनं आयकलं?”